झोप विकून धावू नये

उन्हाळ्यात वऱ्हाडात धावायचे तर पहाटेच. आठ वाजले की अमरावतीचा छत्री तलावाचा रस्ता काय आणि अकोल्याचे वसंत देसाई क्रीडांगण काय, ऊन अंगाला चटके देऊ लागते. त्यामुळे धावणारे साडेचारलाच उठतात. त्यांच्यातल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने रात्री एक वाजता पुस्तक मिटलेले असले, तर अभ्यासही होतो आणि धावणेही होते. झोप मात्र साडेतीन तासांवर येते. मॅरेथॉन आणि परीक्षा एकाच वर्षी घेणाऱ्यांचा हिशेब नेमका इथे चुकतो.

अमरावतीला व्यायामाचे महत्त्व सांगावे लागत नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. तरीही परीक्षेच्या वर्षी घरातून पहिली सूचना येते ती धावणे बंद करण्याची. ही सूचना शास्त्राला धरून नाही. नियमित धावण्या-चालण्याने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, मनावरचा ताण उतरतो आणि झोप गाढ लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. तेव्हा व्यायाम हा अभ्यासाचा शत्रू नव्हे.

खरा प्रश्न झोपेचा आहे. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. धावून थकलेल्या स्नायूंची डागडुजीही झोपेतच होते, कारण वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते. म्हणजे अभ्यास आणि सराव या दोघांची वसुली एकाच खात्यातून होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये ४८ निरोगी प्रौढांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. १४ दिवस रोज सहा तासच झोपू दिलेल्यांची एकाग्रता व स्मरणशक्ती काही कसोट्यांत सलग एक-दोन रात्री जागलेल्यांइतकी घसरली. अधिक काळजीची गोष्ट अशी की, आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांना स्वतःला फारसे जाणवलेच नाही. ‘मला कमी झोप चालते’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता वेळापत्रक पाहू. ‘नीट-पीजी’ २०२४ मध्ये ११ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ३ ऑगस्टला झाली. २०२४ ची परीक्षा तर आधी २३ जूनला ठरली होती आणि आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. म्हणजे अभ्यासाचा कसोटीचा काळ आणि वऱ्हाडचा उन्हाळा एकमेकांवर येतात. २०२४ च्या मे अखेरीस अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे गेल्याने प्रशासनाला जमावबंदी लागू करावी लागली होती. अशा दिवसांत ३० किलोमीटरचा सराव करणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

मग सराव सोडायचा का? नाही, कमी करायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत रॉबर्ट हिक्सन यांनी आठवड्यात सहा दिवस कसून व्यायाम करणाऱ्यांचा सराव चार किंवा दोन दिवसांवर आणला. वेग व जोर तोच ठेवला, तर पुढचे १५ आठवडे त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. याचा अर्थ, आठवड्यात तीन दिवस अर्धा-पाऊण तास मन लावून धावले तरी कमावलेला दम बहुतांशी राखता येतो. एक मैल चार मिनिटांच्या आत धावण्याचा विक्रम ६ मे १९५४ रोजी रॉजर बॅनिस्टर यांनी केला, तेव्हा ते लंडनमध्ये वैद्यकीय विद्यार्थी होते आणि त्यांचा सराव प्रामुख्याने जेवणाच्या सुटीत चाले. मैल म्हणजे मॅरेथॉन नव्हे, पण थोड्या वेळाचा नीट उपयोग कसा करावा हे त्यातून शिकता येते.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते. पूर्ण ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीला साधारण १६ ते २० आठवडे लागतात. ऑगस्टमध्ये परीक्षा आटोपून सप्टेंबरपासून अंतर वाढवले तर दोन्ही साधते. ज्यांची विद्यापीठाची परीक्षा हिवाळ्यात आहे, त्यांनी त्या वर्षी दहा किलोमीटरवर समाधान मानावे. ज्या रात्री सहा तासांहून कमी झोप झाली, त्या सकाळी धावू नये. निवासी डॉक्टरने रात्रपाळी संपल्यावर बूट चढवण्याऐवजी आधी झोपावे.

पण सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको, एक साप्ताहिक सुटी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस केली. ती कागदावर राहिली तर कोणतेही वेळापत्रक उपयोगाचे नाही. अमरावती-अकोल्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी ड्युटीचे तक्ते या कसोटीवर तपासून पाहावेत. मॅरेथॉन पुढच्या वर्षीही होईल. झोपेअभावी पेंगुळलेल्या डॉक्टरकडून होणाऱ्या चुकीची किंमत मात्र रुग्णाला मोजावी लागते.