गादी मिळवणं सोपं, सोपवणं अवघड

परीक्षा संपल्यापासून आमचं पोरगं लॅपटॉपसमोरून हलत नाही. गेमचं नाव 'क्रुसेडर किंग्ज ३'. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने २०२० साली काढलेला. मला वाटलं, नेहमीचं ढिश्क्यांव ढिश्क्यांव असेल. एका रात्री बातम्या पाठवून झाल्यावर सहज शेजारी जाऊन बसलो आणि उठलो तेव्हा दोन वाजले होते.

या गेममध्ये तुम्ही एका राजाचं नव्हे, एका घराण्याचं नशीब खेळता. राजा मेला की तुम्ही त्याच्या वारसाच्या अंगात शिरता. घराण्यात वारसच उरला नाही, तर मात्र खेळ खलास.

पोराने १०६६ सालच्या आयर्लंडमध्ये मन्स्टरच्या छोट्या राजापासून सुरुवात केली होती. लढाया, सोयरिकी, कटकारस्थानं करत पूर्ण आयर्लंड घेतलं, मग वेल्सचाही मुकुट मिळवला. भलताच खूश होता. आणि राजा गेला. मुलं तीन. थोरल्याला आयर्लंड, मधला वेल्सचा स्वतंत्र राजा, धाकट्याला आयर्लंडमधलाच एक मुलूख. तीस-चाळीस वर्षांची कमाई एका क्लिकमध्ये फुटली. पोरगं ओरडलं, "बाबा, हे काय!" मी म्हटलं, "याला भाऊबंदकी म्हणतात."

गेममध्ये बहुतेक राज्यांना सुरुवातीला हाच वाटणीचा कायदा असतो. तो कुणाच्या डोक्यातून आलेला नाही. शार्लमेनचं अवाढव्य साम्राज्य त्याच्या तीन नातवांनी ८४३ साली व्हर्दूनच्या तहात असंच वाटून घेतलं होतं. गेमचा ८६७ सालचा नकाशा उघडला की त्याचे तुकडे समोर दिसतात.

दुसरी गोष्ट मांडलिकांची. सगळा मुलूख राजा स्वतःच्या हाताखाली ठेवू शकत नाही, त्याला मर्यादा आहे. उरलेला सामंतांना द्यावा लागतो. ते कर देतात, फौज देतात. त्यातल्या बलाढ्यांना दरबारात पद हवं असतं, नाही दिलं की रुसतात. रुसलेले एकत्र येऊन गट करतात. कुणाला स्वतंत्र व्हायचं असतं, कुणाला गादीवर दुसराच माणूस हवा असतो. (ओळखीचं वाटतंय ना?) गंमत म्हणजे म्हाताऱ्या राजापुढे मान खाली घालणारे हेच लोक नवा राजा बसला की डोळे वटारतात. बापाने जोडलेली माणसं पोराला जशीच्या तशी मिळत नाहीत.

दख्खनचा इतिहासही हेच सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर १०६८ साली गेला. थोरला मुलगा गादीवर आला, पण १०७६ साली धाकट्या विक्रमादित्याने त्याला हटवलं. विक्रमादित्याने पुढे पन्नास वर्षं दणक्यात राज्य केलं. पण त्याच्या मागे काही दशकांतच बिज्जल कलचुरी या मांडलिकानेच कल्याणी बळकावली. देवगिरीचे यादवही मूळचे चालुक्यांचे मांडलिक. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम पाचवा स्वतंत्र झाला, तो याच पडझडीत.

मग मीही खेळून बघितलं. ठरवलं, आपण शहाण्यासारखं करायचं. थोरल्याला जिवंतपणीच जमीन दिली, तापट सामंतांना पदं दिली आणि वाटणी टळावी म्हणून धाकट्या मुलाला मठात जायला राजी केलं. साधू झाला की वारसाहक्क संपला. राज्य वाचलं. पण ते बटण दाबताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. मीही घरातला धाकटाच. आमच्या वडिलांनी जिवंतपणी चार एकराची वाटणी केली नाही. "मी आहे ना अजून," म्हणायचे. ते गेल्यावर आम्ही दोघं भाऊ सहा वर्षं तारखांना जात होतो. बोलणं अजून पुरतं सुरू झालेलं नाही.

म्हणून माझं मत असं. माणूस किती मोठा होता, हे त्याच्या भरात कळत नाही. तो नसताना दुसऱ्या दिवशी काय उरतं, त्यावरून कळतं. आपल्याकडच्या संस्था बघा. कारखाना, बँक, शिक्षणसंस्था, पक्षाची तालुका शाखा. तीस वर्षं एकच माणूस. दुसरी फळी उभीच राहू द्यायची नाही, कारण उभी राहिली तर डोईजड होईल. मग एक दिवस साहेब जातात, फ्लेक्सवर पोराचा फोटो लागतो आणि महिनाभरात दोन गट पडतात. फोटो लावणं म्हणजे वारस तयार करणं नव्हे. गेममध्ये वारसाला आधी मुलूख देऊन चुका करू द्याव्या लागतात. आपल्याकडे थेट खुर्चीच देतात, चुकांची किंमत सभासद मोजतात.

आणि या गेममध्ये एक माणूस जवळजवळ दिसतच नाही, तो म्हणजे रयत. अगदीच असह्य झालं तर बंड करते, बाकी तिला कुणी विचारत नाही. त्या काळात तिला मत नव्हतं. आपल्याला आहे. तरी "साहेबांनंतर कोण?" या प्रश्नाचं उत्तर आपण साहेबांच्या घरात शोधतो आणि वर घराणेशाहीला शिव्याही देतो. मांडलिक कुणी केलं आपल्याला? आपणच झालोय.

येत्या निवडणुकीत, मग ती सोसायटीची असो की नगरपालिकेची, उमेदवाराला एवढं विचारा: तुमच्या हाताखाली घराबाहेरची किती माणसं तयार झाली, नावं सांगा. मीही विचारणार आहे, आणि जे उत्तर मिळेल ते इथेच लिहीन.

ता. क. परवा थोरल्या भावाला फोन केला. चार मिनिटं बोललो. पावसावरच, पण बोललो.