खो कोणी दिला?

माझी धाकटी भाची बातमीदार झाली आहे, ही बातमी मला आमच्या दूधवाल्याकडून कळली. सकाळी पातेल्यात दूध ओतता ओतता तो म्हणाला, "सर, काल आपल्या पोरींनी तालुक्याला एक डाव राखून मारलं की! तुमच्या भाचीनं झकास लिवलंय." आणि हात शर्टाला पुसून त्याने खिशातला मोबाइल काढला व मला वाचायला दिला. मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या घरी चार दैनिके येतात. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचा पहिला छापील (छापील कसला म्हणा, पण शब्द दुसरा सुचत नाही) मजकूर माझ्याआधी दूधवाल्याने वाचावा, याचे मला वैषम्य वाटले हे कबूल करतो.

हकीगत अशी. भाची आमच्या गावच्या हायस्कुलात दहावीला होती आणि शाळेच्या खो-खोच्या संघात होती. साल २०२५. त्याच जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला होता. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, तेव्हापासून आमच्या गावातल्या मुलींच्या अंगात वारे शिरले होते. पण जुलैच्या ओल्या मैदानावर बाईसाहेबांचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. जी मुलगी जेवताना पाटावर पाच मिनिटे स्थिर बसत नाही, तिने सहा आठवडे काय करावे? पीटीच्या सरांनी तिच्या हाती गुणपत्रक दिले, आणि दोन दिवसांनी आपला मोबाइलही दिला. शाळेच्या नावाने इन्स्टाग्रामवर पान उघडले ते सरांनी, लिहायचे तिने. मुख्याध्यापिकाबाई कायद्याच्या पक्क्या. २०२३ साली माहिती-संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूलच धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हवी असे म्हटले आहे. तेव्हा बाईंनी प्रत्येक खेळाडूच्या घरून सहीचा कागद मागवला. या लेखात मी एकाही मुलीचे नाव देणार नाही, कारण या सदरासाठी तसा कागद मी कुणाकडून आणलेला नाही.

दूधवाल्याच्या त्या सकाळपासून मी भाचीचा मुद्रितशोधक झालो. सामना संपला की ती लंगडत यायची आणि मी ऱ्हस्वदीर्घ तपासायचो. पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आले की, खेळाच्या बातमीची आपली सारी शब्दसंपत्ती आखाड्यातून आणि रणांगणातून आलेली आहे. धुव्वा उडवला, पाणी पाजले, लोळवले, चारी मुंड्या चीत केले! पोरीने यांतले एकही अस्त्र शिल्लक ठेवले नव्हते. एकदा 'धूळ चारली' या शब्दांवर मात्र ती स्वतःच अडली. म्हणाली, "मामा, खो-खोत धूळ सगळ्यांच्याच तोंडात जाते. मग चारली कुणी कुणाला?" माझ्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता.

पण वाचक वाढत होते. चिंचवडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे शाळेचे माजी विद्यार्थी पहाटे दोन वाजता तिची बातमी वाचून अभिप्राय लिहीत. लष्करातल्या एका जवानाने आपण कोणत्या साली कोणत्या चौकटीत बसायचो ते कळवले. पूर्वी आमच्या मैदानावर सामन्याला प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू आणि दोन शेळ्या, आता एस.टी. स्टँडवरची माणसे वाट वाकडी करून येऊ लागली. नववीत शाळा सोडून गॅरेजात लागलेला एक मुलगा सामन्याच्या आदल्या संध्याकाळी न बोलावता येई आणि फक्कीने मैदान आखून जाई. शाळेशी त्याचे नाते एवढेच उरले होते, की नव्याने लागले होते, कोण जाणे!

अमेरिकेत शाळेविषयीच्या या आपुलकीचा मोठा बडेजाव असतो. शुक्रवारी रात्री हायस्कूलचा फुटबॉलचा सामना, शाळेचा बँड, शाळेचे रंग, आणि सबंध गाव मैदानावर. त्याच्या बातम्या लिहिण्याचे काम तिथे मुलांना रीतसर शिकवतात. पुढे जनमताच्या चाचण्यांमुळे जगभर नाव झालेल्या जॉर्ज गॅलपने १९२६ साली हायस्कूलमधल्या बातमीदार मुलांच्या गौरवासाठी 'क्विल अँड स्क्रोल' ही संस्था काढली. आमच्याकडे बँड नाही, रंग एकच, निळ्या स्कर्टचा; तोही धुऊन धुऊन विटलेला. पण मराठी वृत्तपत्रांत वि. वि. करमरकरांसारख्या माणसाने कबड्डी-खो-खोला क्रिकेटच्या पंगतीत मानाचे पान वाढले, त्या परंपरेतली ही आमची छोटी शाखा, असे मी भाचीला सांगत असे. शिवाय १९८८ चे उदाहरण होतेच. त्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात, शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. तिची फिल्म कुठे नाही. धावफलकाच्या वहीत आणि वर्तमानपत्राच्या रकान्यात कुणीतरी ती टिपली, म्हणून ती आहे. "तेव्हा लिहीत जा," मी मोठ्या ऐटीत म्हणत असे.

मग जिल्ह्याचा उपांत्य सामना आला.

शेवटची पाळी. आमच्या मुली पाठलागावर, बरोबरीला एक गुण हवा, हाती पंधरा-वीस सेकंद. पळणारी मुलगी मधल्या पाटीच्या पलीकडे अगदी टप्प्यात आलेली. तिकडच्या बाजूला तोंड करून पाचव्या चौकटीत बसली होती आमच्या संघातली सर्वांत धाकटी पोर, आठवीतली. पाठीमागून खो मिळायचा, तिने उठायचे आणि हात लावायचा, एवढेच काम. पण खो मिळण्यापूर्वीच ती उठली. पंचांची शिट्टी झाली, फाउल झाला, पाठलाग उलट्या दिशेला फिरवावा लागला, आणि पळणारी पार खांबापर्यंत निसटली. वेळ संपली. एका गुणाने सामना गेला.

त्या संध्याकाळी भाची तोंड पाडून आली. कुणा पालकाने मोबाइलवर टिपलेला त्या क्षणाचा तुकडा तिच्याकडे होता. पोर उठते, शिट्टीने दचकते, आणि परत बसायच्या घाईत चौकटीत बदकन पडते. पराभवाने माणूस चिडलेला असतो, आणि चिडलेल्या माणसाला हसायला निमित्त लागते. "मामा, याला काहीतरी नाव द्या ना." मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "पान वाढण्याआधीच पंगतीला!" ती खो खो हसली. मीही हसलो. तिने ते टाकले.

तिच्या दोन महिन्यांच्या साऱ्या बातम्या मिळून जितक्या लोकांनी पाहिल्या नव्हत्या, तितक्यांनी तो बारा सेकंदांचा तुकडा एका रात्रीत पाहिला. कुणीतरी मूळचा आवाज काढून त्यावर सिनेमाचे गाणे चढवले आणि तो गावोगाव फिरवला. सकाळी दूधवाल्याने माझेच वाक्य मला म्हणून दाखवले. आयुष्यभर मी लिहितो आहे. लोकांच्या तोंडी बसलेली माझी ही एकच ओळ.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी सरावाला आली नाही. मग शाळेतही येईनाशी झाली. चौथ्या दिवशी तिची आई मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत येऊन उभी राहिली. भाचीला बोलावणे गेले. तिने तो तुकडा तिथेच काढून टाकला. अर्थात दुसऱ्यांच्या मोबाइलवर गेलेला तिला कसा काढता येणार? बाईंनी विचारले, "हे नाव तुला कसे सुचले?" भाचीने मान खाली घातली आणि "मलाच सुचले" म्हणून सांगितले. हे तिने मला घरी येऊन सांगितले. मी तिला शाबासकी द्यावी की तिची क्षमा मागावी, हे मला ठरवता येईना. दोन्हींपैकी काहीच न करता मी वर्तमानपत्र उघडून बसलो.

रविवारी मात्र आम्ही दोघे त्या मुलीच्या घरी गेलो. वडील रिक्षा चालवतात. त्यांनी खुर्ची पुसून दिली, आईने चहा ठेवला. मुलगी मागच्या दारी भांडी घाशीत होती. ती बाहेर येईना. भाची आत गेली. मी बाहेर वडिलांसमोर बसलो आणि आठ दिवस घशात अडकलेले वाक्य एकदाचे बोललो, "ती ओळ माझी आहे. पोरीची नव्हे." ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सर, तुम्ही लिहिणारी माणसं. पण पोर पहिल्या दिवसापासून एकच म्हणतेय, की तिला खो ऐकू आला होता."

मला वाटले, चूक केलेले मूल असे म्हणतेच.

परत येताना भाची गप्प होती. घरी आल्यावर तिने सरांच्या मोबाइलमध्ये तो मूळ तुकडा शोधला, गाण्याशिवायचा, आणि कानाला लावून ऐकत बसली. चार वेळा, पाच वेळा. मग माझ्या कानाला लावला. मैदानावरचा कालवा, शिट्या, आरडाओरड, आणि त्यात मागून एक बारीक पण स्वच्छ आवाज: "खो!" त्यानंतर पोर उठते. ज्यांनी शालेय स्पर्धा पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नकोच की, तिथे एकाच वेळी शेजारी शेजारी दोन-तीन मैदानांवर सामने चालू असतात. पलीकडच्या मैदानावरच्या कुण्या मुलीने आपल्या गड्याला दिलेला तो खो, आमच्या पोरीने आपला मानला होता. पाठीमागून येणाऱ्या आवाजावर जिने उठायचे, तिने वळून पाहायचे नसते. तो खेळाचाच भाग आहे. आम्ही दोघांनी तो तुकडा आधी कितीतरी वेळा पाहिला होता. ऐकला नव्हता.

भाचीने त्याच रात्री सामन्याची बातमी नव्याने लिहिली. त्यात अस्त्रशस्त्र काही नव्हते. कोण किती वेळ पळाली, किती गडी बाद झाले, शेवटच्या वीस सेकंदांत काय घडले, शेजारच्या मैदानावर त्या वेळी कोणता सामना चालू होता, सारे ओळीने. खाली "आधी टाकलेला तुकडा आणि त्याचे नाव ही माझी चूक होती" असे एक वाक्य. मी म्हटले, "'आमची' लिही." तिने 'आमची' केले. ही बातमी फार थोड्यांनी वाचली. गाण्याचा तुकडा अजूनही कुठे कुठे फिरत असतो, असे ऐकतो.

मुलगी आठवड्याने सरावाला आली. पहिले दोन दिवस चौकटीत बसायलाच तयार नव्हती; पळतीतच ठेवा म्हणाली. सरांनी काही न बोलता तिला पळतीत ठेवले. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन बसली.

त्यानंतर भाचीच्या बातम्यांत एक नवा रकाना आला, तो मी कोणत्याही वर्तमानपत्रात पाहिलेला नाही. 'अमकीने २ मिनिटे १० सेकंद संरक्षण केले, तमकीने तीन गडी बाद केले' हे आपण नेहमी वाचतो. पण तो गडी बाद होण्यापूर्वी नेमक्या क्षणी खो कोणी दिला, आणि कोणी देता देता हुलकावणी दाखवली, याची नोंद कोण ठेवतो? ही ठेवू लागली. प्रतिस्पर्धी संघाची नावेही ती पूर्ण देऊ लागली. त्यांच्या सरांकडे जाऊन, संमतीचे विचारून. मला २०१६ चा जानेवारी आठवला. कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या आणि साऱ्या जगात त्याचे नाव झाले, रास्तच झाले. पण त्या दोन दिवसांत १४६५ धावा होईपर्यंत चेंडू टाकणारी आणि सीमेपलीकडून चेंडू आणणारी पोरेही शाळकरीच होती. त्यांच्याबद्दल मी त्या वेळी काही वाचल्याचे आठवत नाही, आणि खरे सांगायचे तर काही शोधलेही नाही.

सप्टेंबरअखेर भाचीचा घोटा बरा झाला. एका मैत्रीच्या सामन्यात सरांनी तिला उतरवले, आणि मोबाइल व वही कुणी सांभाळायची असा प्रश्न आला. "मामा आहेत की!" ती म्हणाली. मी उन्हात खुर्ची टाकून बसलो. काय सांगू, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सामना संपला. तिने स्वतः दोन गडी बाद केले. दुसरा तर सूर मारून, कोपराचे सालटे काढून घेऊन. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. वही भरली होती, अक्षर नेटके होते.

ती धापा टाकीत आली, कोपरावर फुंकर घालीत वहीवर वाकली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली.

"मामा, माझा दुसरा गडी. खो कोणी दिला?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. मैदानाच्या कडेला ती आठवीतली पोर पाणी पीत उभी होती, आणि आमच्याकडेच बघत होती.