टाके निघाल्यानंतरचे दीड वर्ष

पारलिंगी व्यक्तींच्या उपचारांचा भार सरकारने उचलावा की नाही, या वादाचा निकाल कागदोपत्री तरी केव्हाच लागला आहे. आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नमूद केले. 2019 साली संमत झालेल्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या पंधराव्या कलमाने शस्त्रक्रिया आणि संप्रेरकोपचार यांची तजवीज करण्याचे दायित्व सरकारवर टाकले. आणि ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी असल्याचे प्रमाणपत्र असणाऱ्यास वर्षाकाठी पाच लाख रुपयांचे विमाछत्र जाहीर झाले. परंतु शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडून यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या तालुक्याच्या गावी परतणाऱ्या माणसाची पुढे वास्तपुस्त घेण्याचा शिरस्ता अद्याप कोठे पडलेला दिसत नाही.

ट्रान्स पुरुष ज्या छातीच्या शस्त्रक्रियेला टॉप सर्जरी म्हणतात, तिचे उदाहरण घ्यावे. रक्त व पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या साधारणतः आठवड्याभरात निघतात. घट्ट दाबपट्टा काही आठवडे अंगावर वागवावा लागतो. सुमारे दीड महिना ओझे उचलण्यास मनाई असते. आणि व्रण फिके, मऊ होण्यास वर्ष-दीड वर्ष जाते. बधिर झालेल्या त्वचेत संवेदना परतण्यास महिनोन्‌महिने लागतात, क्वचित ती पुरती परततही नाही. व्रण फुगून कठीण होण्याची प्रवृत्ती सावळ्या त्वचेत अधिक, म्हणून सिलिकॉनचा लेप आणि वेळेवर तपासणी या चैनीच्या बाबी नव्हेत. टेस्टोस्टेरॉन चालू असल्यास रक्त घट्ट होत नाही ना, हेही नियमाने पाहावे लागते. आणि स्तनांच्या ऊती थोड्याफार शिल्लक राहत असल्याने कर्करोगाविषयीची दक्षता सोडता येत नाही.

आता हा दीड महिना नेर तालुक्यात कसा निघेल, याचा विचार करावा. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत तो दाबपट्टा घामाने चिंब होतो, आणि तो धुऊन वाळेपर्यंत घालायला दुसरा नसतो. हंगाम कापूस वेचणीचा असेल, तर कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकणे आणि भरलेले गाठोडे डोक्यावर घेणे, हेच नेमके वर्ज्य. रोजंदारीच्या माणसाला ही विश्रांती कोण देणार? जखमेतून पाणी येऊ लागले, तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नागपूरला किंवा मुंबईला. आणि गावच्या दवाखान्यात सदरा काढण्यापूर्वी आपली सारी जन्मकथा अनोळखी माणसांदेखत सांगावी लागणार, या धास्तीने कित्येक जण ताप अंगावर काढत असतील, असे मानण्यास जागा आहे.

सरकारी नोकरासही हा मार्ग सुगम नव्हता. माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांनी 2017 साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. गृहखात्याच्या मंजुरीनंतर मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात उपचारांना आरंभ झाला, आणि ते एका शस्त्रक्रियेत संपणारे नव्हते. अशीच गोष्ट इंग्लंडमधील ट्रान्स पुरुष मायकेल डिलन यांची: त्यांच्या छातीची शस्त्रक्रिया 1942 मध्ये झाली आणि पुढील शस्त्रक्रिया 1940 चे दशक सरेपर्यंत चालल्या. उपचारांची ही दीर्घता वैद्यकास नवी नाही, प्रशासनालाच ती नवी वाटते.

आमची मागणी माफक आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस या रुग्णांसाठी राखावा. ग्रामीण रुग्णालयांतील एका परिचारिकेस तरी मलमपट्टी, व्रणांची निगा आणि मुख्य म्हणजे गुप्तता यांचे शिक्षण द्यावे. विम्याच्या रकमेतून दाबपट्टा, रक्ततपासणी, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांची भरपाई व्हावी. कायद्यात शस्त्रक्रियेनंतरच्या समुपदेशनाचा उल्लेख आहेच. त्याची अंमलबजावणी तालुक्यापर्यंत आणणे हे जिल्हाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या हातचे काम आहे, आणि त्यासाठी त्यांनी मुंबईच्या हुकमाची वाट पाहू नये.