मालमोटारींची नोंद आणि मालकांचे दप्तर

औंढा नागनाथहून वसमतला जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर लागते. हळदीच्या हंगामात या वाटेने मालमोटारींची वर्दळ वाढते आणि काहींच्या पाट्यांवर दूरच्या राज्यांचे क्रमांक दिसतात. तेवढ्यावरून संशय घेणे योग्य नव्हे. राष्ट्रीय परवाना असलेल्या गाडीला परराज्यांत माल वाहण्याची मुभा आहेच. प्रश्न आहे तो मालक इथला, धंदा इथला, पण नोंद मात्र कर कमी असलेल्या राज्यात, अशा व्यवहाराचा.

मोटार वाहन कायदा, १९८८ या बाबतीत संदिग्ध नाही. मालकाचे वास्तव्य वा व्यवसाय जेथे आहे आणि वाहन एरवी जेथे ठेवले जाते, त्या राज्यातच नोंद व्हावी, असे कलम ४० सांगते. वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर कलम ४७ अन्वये तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. मग तपासणीत हे सापडत का नाही? कारण तपासणी रस्त्यावर, चालकाला अडवून होते. चालकाजवळचा कागद खरा असतो. खोटा असतो तो त्यावरील पत्ता.

याचा भुर्दंड दोघांना पडतो. येथे प्रामाणिकपणे कर भरणारा एका गाडीचा मालक भाड्याच्या स्पर्धेत मागे पडतो. आणि अपघात घडला, विमा संपलेला निघाला, तर मृताच्या वारसांनी भरपाईसाठी मालकाला शोधायचे कोठे? त्या पत्त्यावर धाडलेली नोटीस परत आली, की दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो.

उपाय हाताशी आहे. मालवाहतूकदारांनी स्वतःची नोंदणी करून दरवर्षी विवरण द्यावे, असे २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा सांगतो. आंतरराज्य मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागू झाले. त्यात गाडीचा क्रमांक असतो. ती बिले, कंपनीची भाडेपावती व डिझेलचे हिशेब एकत्र ताडून पाहिले, तर गाडी वर्षभर कोठे राबते हे उघड होईल.

यातून नव्या चिरीमिरीची वाट निघेल, अशी भीती काही जण व्यक्त करतील. ती निराधार नाही. म्हणूनच तपासणीची तारीख आधी कळवावी, निष्कर्ष लेखी द्यावेत आणि त्यापायी चालकाला वाटेत खोळंबून ठेवू नये. परिवहन खात्याने रस्त्यावरची तपासणी जरूर करावी. परंतु नोंदणीचा जाब विचारायचा तो मालकाच्या कचेरीत, त्याच्या दप्तरासमोर बसूनच विचारला पाहिजे.