जुन्या गाडीला जाड ऑइल? जरा थांबा!

दोस्तांनो, घरात सेकंड हँड गाडी येते तेव्हा काय होतं? आई हळद-कुंकू लावते, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं ठेवली जातात. आणि पेढे वाटून होतात न होतात तोच शेजारचे काका बॉनेटवर हात ठेवून सांगतात, "जुनं इंजिन आहे. ऑइल जरा जाडच घाला, आवाज कमी होईल." सगळे माना डोलावतात. पण मान डोलावण्याआधी आज आपण एक प्रश्न विचारू या : जाड म्हणजे किती जाड? आणि ते ठरवायचं कुणी?

आधी ऑइल इंजिनात करतं काय, ते पाहू. गाडी महामार्गावर पळत असताना इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे सहज घेतं. म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो! धातूवर धातू असा घासत राहिला, तर इंजिन थोड्याच वेळात जाम होईल. तसं होत नाही, कारण दोघांच्या मध्ये ऑइलचा थर असतो, केसाहूनही पातळ. शिवाय उष्णता वाहून नेणं, काजळी धुऊन काढणं, गंज रोखणं हीही कामं ऑइलच करतं.

आता एक सोपा प्रयोग. दोन वाट्यांत थोडी थोडी काकवी घ्या. एक वाटी तासभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी उन्हात. मग दोन्ही वाट्या एकदम तिरक्या करा. उन्हातली काकवी भराभर वाहील, फ्रिजमधली मात्र आळस देत देत निघेल. ऑइलचंही तसंच. सकाळी गाडी सुरू करताना ते घट्ट असतं, इंजिन तापलं की पातळ होतं. सुरुवातीला फारच घट्ट असलं, तर ते इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात झीज होते. तापल्यावर फारच पातळ झालं, तर मधला थर तुटतो. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत!

म्हणूनच ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, २०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३०. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत सहज वाहतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. तो जितका मोठा, तितकं ऑइल दाट. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंश नव्हेत बरं का, त्या नुसत्या प्रती आहेत. हिवाळ्यात द्रासला पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत जातो. तिथे २०डब्ल्यू ऑइल अडून बसेल. मुंबईत किंवा नागपुरात तशी थंडी पडतच नाही.

मग काकांचं काय चुकलं? अँबॅसिडर आणि फियाटच्या काळात त्यांचा सल्ला बऱ्याच वेळा खपून जायचा. पण आज जी गाडी 'जुनी' म्हणून विकली जाते, ती दहा-बारा वर्षांपूर्वीची असते. तिच्या इंजिनातले ऑइलचे मार्ग अरुंद असतात, भागांमधल्या फटी बारीक असतात. काही इंजिनांत तर टायमिंग चेन ताणून धरण्याचं कामही ऑइलच्या दाबावर चालतं. अलीकडच्या कित्येक पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२० इतकं पातळ ऑइल सांगते. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं, तर पेट्रोल जास्त जळतं आणि झीजही वाढते. पुढेमागे 'इंजिन काम' निघालं, की हजारो रुपयांचा खड्डा! गाडीसाठी घरच्यांनी साठवलेले पैसे असे जायला नकोत.

तेव्हा ठरवायचं कुणी, याचं उत्तर गाडीतच आहे. ग्लव्ह बॉक्समधलं माहितीपुस्तक काढा. ते हरवलं असेल, तर ऑइल भरायच्या झाकणावर आकडा आहे का पाहा, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. पुस्तकात बऱ्याचदा एकाहून जास्त प्रती दिलेल्या असतात. इंजिन खरंच झिजलेलं असेल, म्हणजे धूर निळसर येत असेल आणि ऑइलची पातळी सारखी उतरत असेल, तर त्या यादीतली जाड प्रत घ्यावी. यादीबाहेर मात्र जाऊ नये. आणि मुख्य म्हणजे इंजिन तपासून घ्यावं. जाड ऑइलने दुखणं बरं होत नाही, नुसतं झाकलं जातं. गाडी विकताना आवाज दबावा म्हणूनही कुणी कुणी जाड ऑइल भरतात! म्हणून गाडी घ्यायला जाल, तेव्हा इंजिन थंड असताना ते सुरू करायला सांगा, कान द्या आणि धुराचा रंग बघा.

डब्यावर आणखी दोन अक्षरंही असतात. पहिलं 'एस' असेल तर ऑइल पेट्रोल इंजिनासाठी, 'सी' असेल तर डिझेलसाठी. काही डब्यांवर दोन्ही असतात. 'एस'च्या पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा : 'एस एन' २०१० साली आला, 'एस पी' २०२० साली. 'एस ए' हा सर्वांत जुना दर्जा. १९३० नंतरच्या बहुतेक गाड्यांना तो चालतच नाही! जुन्या पेट्रोल गाडीत नव्या दर्जाचं ऑइल चालतं, फक्त प्रत पुस्तकातलीच हवी. डिझेल गाडीत पुस्तकातलीच अक्षरं जुळवा.

आता तुमचं काम. रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन बॉनेट उघडा. डिपस्टिक बाहेर काढा, फडक्याने पुसा, परत आत घाला आणि पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असणं वाईट, आणि वरच्या खुणेपेक्षा जास्त असणंही वाईट. जास्त झालं तर फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ते बदलायचं किलोमीटर आणि महिने मोजून, जे आधी भरेल त्यावर. दुधाळ दिसलं, तर मात्र आत पाणी गेलं असू शकतं. गाडी लगेच मेकॅनिकला दाखवा. आणि बदललेलं ऑइल गटारात ओतू नका, कुणाला ओतू देऊ नका. ते गॅरेजमध्येच जमा करायचं.

मग आज घरच्या गाडीचा आकडा शोधणार ना? वहीत लिहून ठेवा. आणि पुढच्या आठवड्यापर्यंत डोकं खाजवायला एक प्रश्न : गाडीचं ऑइल मोटारसायकलमध्ये घातलं, तर कधी कधी क्लच का घसरतो?