लेकराचे मन आणि आमची वकिली

हा लेख छापायला देण्याआधी मी माझ्या मुलीला वाचायला दिला. तिने त्यातले दोन परिच्छेद लाल पेनाने खोडले, एका ठिकाणी 'हे असं नव्हतं' असे लिहिले आणि कागद परत केले. ते दोन परिच्छेद येथे नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. मुलगी सोळा वर्षांची, कायद्याने अज्ञान, तेव्हा तिच्या वतीने संमती बापच देणार, असा युक्तिवाद कोणीही वकील उभ्या उभ्या करील. मी तो केला नाही. असले युक्तिवाद करून करूनच मी घरात एक वर्ष वाया घालवले होते.

गोष्ट साधी आहे आणि ती घणसोली-कोपरखैरण्यापासून दिघ्यापर्यंत कितीतरी घरांत चालू आहे. दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी अकरावीच्या दिवाळीनंतर हळूहळू मिटत गेली. पहाटे चारपर्यंत जागी, दुपारपर्यंत अंथरुणात. आंघोळीचा कंटाळा, जेवणावर राग, मैत्रिणींचे फोन बंद. कॉलेजात हजेरी भरेना. मी दिवसभर बेलापूरच्या कोर्टात आणि संध्याकाळी विहारातल्या नाहीतर कुठल्या तरी कृती समितीच्या बैठकीत. पत्नीने दोनदा सांगितले, "हे मोबाईलचं नाही, काहीतरी वेगळं आहे." मी म्हणालो, वय आहे, जाईल.

त्या वर्षी १४ एप्रिलच्या निमित्ताने आमच्या विहारात अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होता. आयोजकांत मी. कार्यकर्त्याची मुलगी पहिल्या रांगेत नको का? बसवली. दीड तासात ती उठली आणि मागच्या जिन्यात जाऊन बसून राहिली. घरी आल्यावर मी तिला बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रंथालयात उपाशीपोटी कसा अभ्यास केला ते ऐकवले. ती काहीच बोलली नाही. ज्या लेकराला अठरा मिनिटे एका पानावर डोळे ठेवता येत नाहीत, त्याच्यापुढे अठरा तासांचा आदर्श ठेवून आम्ही त्याला काय देतो? बाबासाहेब मधुमेहाने त्रस्त होते, उपचारासाठी मुंबईला डॉ. मालवणकरांकडे येत होते आणि मुंबईतच त्यांची डॉ. शारदा कबीर म्हणजे आपल्या माईसाहेबांशी ओळख झाली, हा इतिहास आम्हाला तोंडपाठ आहे. महामानवानेही दुखणे अंगावर काढले नाही, डॉक्टर गाठला, एवढा अर्थ मात्र आमच्या भाषणातून कधी येत नाही.

पुढची चूक याहून मोठी. डॉक्टरकडे चल म्हटले की ती म्हणे, "मी वेडी नाही." मग मी शक्कल काढली. चष्म्याचा नंबर तपासायचा आहे असे सांगून तिला वाशीला घेऊन गेलो. दवाखान्याची पाटी वाचताच ती रिक्षातून उतरली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागली. कशीबशी परत आणली. आत डॉक्टरांनी सारे प्रश्न मला विचारले, उत्तरेही मीच दिली, आणि सात मिनिटांत गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली. तिच्याकडे त्यांनी एकदाही मान वर करून पाहिले नाही. डॉक्टरांचे नाव लिहीत नाही, कारण त्या खोलीत खोटे बोलून आलेला माणूस मी होतो. गोळ्या तिने घेतल्या नाहीत. पुढचे चार महिने माझ्याबरोबर कुठेही, अगदी दुकानातसुद्धा, आली नाही.

समाजबांधव आता मला फोन करून विचारतात, "वकीलसाहेब, पोरगं यायला तयार नाही, उचलून नेता येतं का?" कायदा काय म्हणतो ते सांगतो. २९ मे २०१८ पासून जुना १९८७ चा कायदा गेला आणि नवा लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलाचा प्रतिनिधी त्याचा कायदेशीर पालक, हे खरे. पण मुलाला दाखल करून घेणे फक्त अपवादात्मक परिस्थितीत, कलम ८७ प्रमाणे. त्याआधीच्या सात दिवसांत एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले असले पाहिजे. ठेवायचे प्रौढांपासून वेगळे. पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ सोबत राहायचे, मुलगी असेल आणि सोबत पुरुष असेल तर स्त्री सोबतीण द्यायची. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७२ तासांत कळवायचे. विजेचा झटका मुलांना देता येत नाही. पालकाची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी, दोन्ही असल्याशिवाय नाहीच.

पण आपल्यातल्या शंभरातल्या नव्वद पालकांना दाखल करायचेच नसते. त्यांना फक्त कळून घ्यायचे असते की पोराला झाले आहे काय. त्याला ओपीडीचा केसपेपर पुरतो. येथे जबरदस्तीने काम होत नाही, आणि त्याचे कारण कायद्यात शोधायची गरज नाही. हाडाचा एक्स-रे मूल रडत असले तरी काढता येतो. मनाचे निदान मुलाच्या बोलण्यातून होते. ते गप्प बसले तर जगातला सर्वात मोठा डॉक्टरही बापाच्या तक्रारीचेच निदान करील. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला, त्याचे कलम १२ सांगते की मुलाच्या बाबतीतल्या निर्णयात मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे. मी हे कलम परिसंवादांत अनेकदा वाचून दाखवले आहे.

एक अपवाद ठामपणे सांगतो. मूल मरण्याची भाषा करीत असेल, अन्नपाणी सोडले असेल, कोणाचे तरी आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर मनधरणी करीत बसू नका. सरळ जवळच्या रुग्णालयात न्या. कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. रात्रीबेरात्री १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक लागतो, मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, आणि पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

आता मुलांच्या नकाराकडे येऊ. 'ठाण्याला पाठवू का?' ही थट्टा या पट्ट्यातले मूल जन्मल्यापासून ऐकते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. बरे झाल्यावरही घरच्यांनी न नेलेली माणसे तेथे वर्षानुवर्षे राहिली, आणि डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. तेव्हा मुलांची भीती खोटी नाही. नातेवाईकांची भीती वेगळी: लग्न कसे जमेल, सरकारी नोकरी मिळेल का. त्यांना कलम ३ वाचून दाखवा. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून माणूस 'अस्थिर मनाचा' ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. आमच्याही नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी 'बाहेरचं बघून घ्या' असा सल्ला दिलाच. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातून हा सल्ला आला.

पण आपल्या मुलांच्या नकाराला आणखी एक पदर आहे आणि तो उकलायला मला सर्वात जास्त वेळ लागला. वर्गात आडनाव विचारले जाते, प्रवर्गाची यादी फळ्याशेजारी लागते, 'तुला काय, सीट मिळणारच' असे हसत हसत म्हटले जाते. एक शिक्का कपाळावर घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाने दुसरा शिक्का का मागावा? हे मला समजत होते. नव्हे, फारच समजत होते. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तेव्हापासून आपले कोणतेही लेकरू गप्प झाले की माझ्यासारखा कार्यकर्ता आधी आरोपी शोधतो. मी मुलीची उलटतपासणी घेतली. कोण बोललं? कोणत्या तारखेला? साक्षीदार कोण? ॲट्रॉसिटीचा मसुदा माझ्या डोक्यात तयार होता. तिने सांगितले, "पप्पा, तसं काही झालंय, पण म्हणून असं होत नाहीये. तुम्हाला माझ्या झोपेतसुद्धा मोर्चा काढायचाय."

मी त्या रात्री चिडलो होतो. आज मला वाटते, तिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या, ज्या मला करता येत नव्हत्या. जातीचा अपमान हा आजार नव्हे, त्याच्यावर गोळी देऊन गप्प बसवणारा डॉक्टर आपल्याला नको. कायदाही बजावतो की माणसाची सामाजिक स्थिती किंवा समाजाच्या प्रचलित मूल्यांशी न जुळणे यावरून मानसिक आजार ठरवायचा नाही. पण म्हणून आपल्या मुलांना आजार होतच नाही, त्यांना फक्त अन्यायच होतो, असे धरून चाललो तर जे दुखणे औषधाने आणि समुपदेशनाने बरे होणारे आहे तेही आपण चळवळीच्या खात्यावर टाकतो. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले, महानगरांत १३.५ टक्के. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या मुलांची मोजणीही त्यात झालेली नाही.

दार उघडले ते झोपेमुळे. तिची स्वतःची तक्रार एकच होती, झोप येत नाही. पत्नीने तेवढेच धरले. मन, आजार, डॉक्टर हे शब्द काढलेच नाहीत. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे झोपेसाठी नेले, त्यांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन कमी निघाले, थायरॉईड ठीक. मग त्यांनी तिलाच विचारले, पुढे कोणाला दाखवायचे का? तिने तीन अटी घातल्या: वाशी-नेरुळला नाही, तेथे ओळखीचे भेटतात; आई आत येईल, तीही बोलावल्यावर; पप्पा बाहेर. हार्बरने कुर्ला, तेथून बदलून शीव, असे आम्ही लोकमान्य टिळक रुग्णालयात गेलो. तरुण डॉक्टरबाई तिच्याशी एकटीशी पाऊण तास बोलल्या. मी बाकावर बसून होतो. निदान पहिल्या दिवशी झाले नाही, तिसऱ्या भेटीत झाले. त्याचे नाव येथे होते, ते तिने खोडले आहे. नाव ऐकल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाही ना?" हा शब्द तिला घरात कोणी शिकवला हे वेगळे सांगायला नको.

आता थोडे सार्वजनिक. नवी मुंबईतून आम्ही शीवपर्यंत जाऊ शकलो, कारण माझ्या हातात वेळ आणि खिशात भाडे होते. तुर्भे स्टोअरची किंवा दिघ्याची रोजंदारीवरची आई आठवड्याआड असा दिवस कसा बुडवणार? दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड नसले तरी, मोफत मानसोपचार हा कलम १८ प्रमाणे हक्क आहे. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात मानसिक आरोग्य हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला, आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा असा निर्देश दिला. कोचिंग क्लासही त्यात आले. आपल्या भागातील शाळा, महाविद्यालये आणि क्लासचालकांकडे माहिती मागणारे पत्र आम्ही काही पालक तयार करीत आहोत: समुपदेशक आहे का, कोणत्या शिक्षणाचा, आठवड्यातून किती तास. महापालिकेच्या शाळांसाठी पालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा. ज्या विहारांत अठरा तास अभ्यास होतो, त्यांनी येत्या एप्रिलपासून तो ऐच्छिक आणि तासातासाने विभागून ठेवावा, अशी सूचना मी समितीत मांडली आहे. दोघांनी विरोध केला, चर्चा चालू आहे.

ती अजून रोज कॉलेजला जात नाही. आठवड्यातून तीन दिवस जाते. झोप सुधारली आहे. मध्ये एक भेट तिने चुकवली, कोणी काही बोलले नाही. पुढची तारीख गुरुवारची आहे, त्याच दिवशी माझ्या एका प्रकरणात साक्ष होती, मी मुदत मागून घेतली. तिला सांगितले तर म्हणाली, "या. पण बाहेरच बसा."