एक ऑक्टोबरचा चौकोन

आमचे वडील तालुक्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि कचेरीच्या दप्तरातली नोंद जशी त्यांच्या हातून कधी राहून गेली नाही, तशीच घरातल्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेतली नोंदही राहून गेली नाही. दुधाचा रतीब, घरभाड्याचा दिवस, वाणसामानाची उधारी, वडीलधाऱ्यांच्या श्राद्धतिथी ही सारी काळ्या शाईने ज्या त्या चौकोनात उतरत; परंतु त्याच चौकोनांच्या कोपऱ्यांत, तांबड्या शाईने आणि अगदी बारीक अक्षरांत, ते गायकांची, संगीतकारांची आणि गीतकारांची नावे लिहीत. वर्ष सरले की नवी दिनदर्शिका येई, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी जुनीतली तांबडी नावे नवीत उतरवून घेण्याचे काम एखाद्या जमाबंदीच्या गांभीर्याने पार पडे.

तारखांविषयी त्यांना जो आदर होता, तो तारखा कशा तयार होतात हे प्रत्यक्ष पाहिल्यामुळे आलेला होता. शाळेच्या दाखल्यावर गावातल्या निम्म्या मंडळींचा जन्म १ जूनला झालेला, कारण नाव घालायला आलेल्या बापाला मुलाचा जन्म कोणत्या पिकाच्या वेळी झाला एवढेच ठाऊक असे आणि गुरुजी सोयीची तारीख टाकून मोकळे होत. म्हणून ज्या माणसाची खरी तारीख सापडली, ती जपून ठेवली पाहिजे, असे ते म्हणत. या जपून ठेवलेल्या तारखांत सर्वांत दाटीचा चौकोन होता तो १ ऑक्टोबरचा. त्यात तीन नावे होती : सचिनदेव बर्मन, मजरूह सुलतानपुरी आणि ग. दि. माडगूळकर.

सचिनदेव बर्मन हे १९०६ साली, आज बांगलादेशात असलेल्या कुमिल्ला या गावी जन्मले. आणि उरलेले दोघे एकाच वर्षी, १९१९ साली, एकाच दिवशी. तो बुधवार होता. त्या बुधवारी माणदेशातल्या शेटफळे गावी एका गरीब ब्राह्मण कुटुंबात जे मूल जन्मले आणि उत्तरेकडे अवधच्या मुलखात पोलीस खात्यातल्या नोकरदाराच्या घरी जे मूल जन्मले, त्या दोन मुलांनी पुढे दोन भाषांतल्या कोट्यवधी माणसांच्या ओठांवर शब्द ठेवले. ग्रहगोलांवर माझा विश्वास नाही, आणि एका तारखेला जन्मणे हा निव्वळ योगायोग आहे, हेही मला मान्य आहे. तरीसुद्धा हा योगायोग मला मोलाचा वाटतो, कारण शब्द आणि चाल यांचा जो जुना वाद आपल्या संगीतात चालत आला आहे, त्याचे तिन्ही पक्षकार या एका चौकोनात हजर आहेत.

गदिमांचे बालपण दुष्काळी मुलखात गेले. औंधच्या शाळेत शिक्षण झाले, परंतु मॅट्रिकची परीक्षा पार पडली नाही. आणि मग कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत मास्टर विनायकांच्या आश्रयाने किरकोळ भूमिका आणि वि. स. खांडेकरांकडे लेखनिकाचे काम, अशा वाटेने ते लेखणीपाशी पोहोचले. मजरूहांची वाट अगदी निराळी. त्यांचे मूळ नाव असरार-उल-हसन खान. शिक्षण मदरशातले, त्यापुढे लखनौला युनानी वैद्यकाचे, आणि व्यवसाय हकिमाचा. १९४५ साली एका मुशायऱ्याच्या निमित्ताने ते मुंबईस आले, तेथे ए. आर. कारदार या निर्मात्याने त्यांना चित्रपटासाठी लिहिण्याची गळ घातली, आणि त्यांनी ती साफ नाकारली. चित्रपटासाठी लिहिणे हे शायराला हीन वाटावे असा तो काळ होता. त्यांचे गुरुस्थानी असलेले जिगर मुरादाबादी यांनी समजूत घातली तेव्हा कोठे ते तयार झाले, आणि नौशाद यांच्या संगीतातला, सैगल यांनी गायिलेला ‘शाहजहान’ १९४६ साली पडद्यावर आला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारविरुद्ध कविता वाचल्याबद्दल त्यांना तुरुंगात जावे लागले. माफी मागितली असती तर सुटका होती, पण ती त्यांनी मागितली नाही. सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढून हा मनुष्य बाहेर आला आणि पुन्हा प्रेमगीते लिहू लागला. त्या प्रेमगीतांना जो ताठ कणा आहे, तो येथून आलेला आहे, असे मला नेहमी वाटते.

बर्मनदादांविषयी काय सांगावे! त्रिपुराच्या राजघराण्यातले हे गृहस्थ नावाड्यांच्या भटियालीवर आणि बाउल फकिरांच्या गाण्यावर वाढले, कलकत्त्यात गायक म्हणून नावाजले, १९४४ साली मुंबईस आले, आणि त्यानंतर तीस वर्षे हिंदी चित्रपटगीताला पूर्व बंगालच्या नद्यांचे पाणी पाजीत राहिले. स्वतःच्या आवाजात त्यांनी फार थोडे गायिले, परंतु ‘बंदिनी’त, ‘गाइड’मध्ये आणि ‘आराधना’त तो चिरलेला, दूरच्या काठावरून आल्यासारखा आवाज ऐकू आला की चित्रपटाची कथा क्षणभर थांबते आणि नियती बोलू लागते. ‘आराधना’तल्या गाण्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडलेली होती.

बर्मनदादांची रीत अशी, की आधी चाल. पेटीवर चाल बांधून व्हायची, ती गीतकाराला ऐकवली जायची, आणि मग त्या चालीच्या मापात शब्द बसवायचे. आपल्याकडे या रीतीविषयी एक तुच्छतेचा सूर आहे. ‘चालीवर लिहिलेले’ म्हणजे भरताड, अशी एक समजूत सुशिक्षित मराठी घरांतून मी लहानपणापासून ऐकत आलो. वस्तुतः ज्या मराठी माणसाने किर्लोस्करी नाटकाचे एखादे जुने पुस्तक उघडून पाहिले आहे, त्याने ही समजूत बाळगू नये. तेथे प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एक ओळ छापलेली असते, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी कधी कानडी, कधी हिंदुस्थानी, तर कधी कीर्तनातल्या वा लावणीच्या प्रचलित चाली घेऊन त्यांवर ‘सौभद्रा’ची पदे रचली, हे तेथे उघडपणे, प्रामाणिकपणे नमूद केलेले असते. आपल्या नाट्यसंगीताची पहिली इमारत चालीवर बसवलेल्या शब्दांचीच आहे.

मजरूहांना हे काम साधले, त्याचे कारण त्यांच्या गझलेत शोधावे लागते. गझल लिहिणाऱ्याला वृत्ताचा बंध असतो, काफिया आणि रदीफ यांचा बंध असतो, आणि दोन ओळींत अर्थ पुरा करण्याचा बंध असतो. या तिहेरी बंधनात ज्याने श्वास घ्यायला शिकून घेतले, त्याला संगीतकाराच्या चालीचे माप अडचणीचे कसे वाटावे? ‘पेइंग गेस्ट’, ‘नौ दो ग्यारह’, ‘काला पानी’, ‘चलती का नाम गाडी’, ‘सुजाता’, ‘बंबई का बाबू’, ‘तीन देवियाँ’, ‘ज्वेल थीफ’ आणि शेवटी १९७३ चा ‘अभिमान’ : १ ऑक्टोबरला जन्मलेल्या या दोन माणसांनी मिळून केलेल्या कामाची ही फेरिस्त अपुरी असूनही किती लांब आहे! त्यातल्या ‘सुजाता’पाशी मी नेहमी थबकतो. बिमल रॉय यांचा नायक दूरध्वनीच्या यंत्रातून गातो, पलीकडे नायिका ते यंत्र कानाशी धरून मूकपणे ऐकते, आणि तलत महमूद यांचा कंप पावणारा स्वर त्या तारेतून जाताना जणू आपणच ती तार आहोत असे श्रोत्याला वाटू लागते. चाल आधी होती की शब्द, हा प्रश्न तेथे विचारावासाही वाटत नाही.

आता चौकोनातल्या तिसऱ्या नावाकडे यावे. गदिमांनीही चित्रपटांसाठी प्रसंगाबरहुकूम, मागणीनुसार, घाईत पुष्कळ लिहिले. ‘रामजोशी’ची लावणी लिहिणारा हात चालीच्या मापाला अपरिचित नव्हताच. परंतु ‘गीतरामायणा’त क्रम उलटा होता. १ एप्रिल १९५५ या शुक्रवारी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले. सीताकांत लाड यांनी ही योजना माडगूळकरांपुढे मांडली होती आणि सुधीर फडके यांनी संगीत स्वीकारले होते. पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ ला आली, कारण मध्ये अधिक मास पडला होता, आणि म्हणून बावन्नाच्या जागी गीते झाली छप्पन्न. दर आठवड्यास नवे गीत : वाकडेवाडीच्या ‘पंचवटी’त आधी शब्द उतरायचे, मग फडक्यांनी त्यांना चाल लावायची, मग माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक अशांपैकी कोणी तरी ते शिकून घ्यायचे, आणि ठरल्या वेळी ते हवेत सोडायचे. वर्षभर, एकदाही खंड न पडता! आज एखादा आठवडी स्तंभ वेळेवर देताना मनाची जी ओढाताण होते, ती मला ठाऊक आहे. त्या दोघांनी आठवड्याच्या मुदतीत जे दिले, त्यापुढे मी केवळ हात जोडू शकतो.

येथे एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, आणि ती गीतांच्या लांबीची. त्या काळची लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. बर्मनदादांच्या आणि मजरूहांच्या गाण्याला मुखडा आणि दोन-तीन अंतरे एवढाच पसारा असे, याला कवीची इच्छा जितकी कारण, तितकेच हे तबकडीचे क्षेत्रफळही कारण. ‘गीतरामायण’ मात्र तबकडीसाठी नव्हे, तर नभोवाणीसाठी जन्मले. म्हणून त्याला आठ-आठ, दहा-दहा कडवी परवडली, म्हणून भरताची समजूत घालणारा राम एका युक्तिवादापाशी न थांबता दृष्टान्तामागून दृष्टान्त देऊ शकला. कीर्तनकाराला जो अवकाश रात्रभर मिळे, त्यातला लहानसा तुकडा माडगूळकरांना यंत्रयुगात परत मिळाला.

आणि याच तबकडीच्या क्षेत्रफळाचा प्रश्न ज्या दिवशी नव्याने लिहिला गेला, तोही १ ऑक्टोबरच. १९८२ साली, एका शुक्रवारी, जपानमध्ये सोनी कंपनीने काँपॅक्ट डिस्क वाजवणारे पहिले यंत्र विक्रीस आणले. किंमत १,६८,००० येन. त्याच दिवशी बिली जोएल या अमेरिकन गायकाचा, मुळात १९७८ साली निघालेला ‘फिफ्टी सेकंड स्ट्रीट’ हा गीतसंग्रह बारा सेंटिमीटर व्यासाच्या चकाकत्या चकतीवर दुकानांत आला. सुई गेली, खरखर गेली, प्रकाशाचा किरण चकतीवरून फिरू लागला, आणि सव्वातीन मिनिटांच्या जागी चौऱ्याहत्तर मिनिटे आली. बर्मनदादा १९७५ साली गेले होते आणि गदिमा १९७७ साली. तिघांपैकी मजरूह तेवढे हयात होते, आणि त्यांची लेखणी थकलेली नव्हती. ‘कयामत से कयामत तक’ची गाणी त्यांनी १९८८ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहिली, ती महाविद्यालयीन मुलांनी स्वतःची म्हणून डोक्यावर घेतली, आणि सैगलांच्या कंठापासून सुरू झालेला हा प्रवास १९९३ च्या दादासाहेब फाळके पुरस्कारापर्यंत गेला, जो त्यापूर्वी एकाही गीतकाराच्या वाट्यास आला नव्हता. बर्मनदादा आणि गदिमा या दोघांना मात्र पद्मश्री एकाच वर्षी, १९६९ साली, मिळाली. ती नोंद वडिलांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूस करून ठेवलेली मला सापडली.

वडील गेल्यानंतर तांबडी शाई माझ्याकडे आली. दर जानेवारीत मी नावे उतरवतो आणि ऑक्टोबरच्या पानाशी आलो की हात सावकाश चालवतो, कारण छापील दिनदर्शिकांतले चौकोन अलीकडे लहान झाले आहेत; तिथी, नक्षत्र, सुट्टीची खूण यांतून जी जागा उरते, तीत ‘ग.दि.मा.’ हे नाव सहज बसते, ‘सचिनदेव’ तिरके लिहावे लागते, आणि ‘मजरूह’ दोन तारखांच्या मधल्या रेघेवर चढते. यंदा जपानच्या त्या चकतीचीही नोंद करावी असे मनात आले होते. तिला जागा उरली नाही. ती मी २ ऑक्टोबरच्या चौकोनात लिहिली आणि मागे वळणारा एक बाण काढला.